खड्डा भरायच्या आत

पुठ्ठ्याच्या खोक्यात गुंडाळून आली गादी,
पुष्पलतानं हैदराबादहून पाठवलेली,
पप्पांच्या मणक्यासाठी.
ब्लेडनं प्लास्टिक कापलं तशी
मोठा श्वास घेत उठली,
विडी घरकुलातल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत
एखाद्या जनावरानं कूस बदलावी तशी.
खाली सपाट फळी हवी म्हणून
लोखंडी पलंग आधीच भंगारात गेलेला.
वास जाऊ द्या, एक दिवस झोपू नका, असं लिहिलेलं.
ती रात्र आम्ही दोघं चटईवर
आणि गादी एकटी नव्या पलंगावर, ऐटीत.

सकाळी गल्ली बघायला आली.
यल्लव्वानं पाच बोटं रुतवली, काढली.
पंजा तसाच राहिला,
मग कडेकडेनं भरत मिटून गेला.
'मेमरी फोम म्हणतात याला.'
'म्हणजे लक्षात ठेवतो?'
'हो.'
'मग माझा हात कुठाय?'
मी चहा ठेवायला उठले.

ह्यांनी एकतीस वर्षं मागावर उभं राहून काढली,
डावा पाय जरा बाहेर, कंबर उजवीकडे कललेली,
कान चार मागांच्या चार चालींवर.
तो बाक झोपेतही सुटत नसे.
कापसाच्या गादीत तो कधी मावला नाही,
तिच्या गाठी पडायच्या, आणि पिंजारी आता फिरकत नाही.
हिनं अंगाची ऊब घेतली, मऊ झाली,
हाड होतं तिथं वाट दिली,
पोकळी होती तिथं खालून हात दिला.
तिसऱ्या रात्री हे घोरले.
मी इतकी वर्षं ज्या आवाजाला शिव्या दिल्या
तो बसून ऐकला.

मे महिन्यात गंमत कळली.
वर पत्रा, रात्री अकराला भिंती तव्यासारख्या,
गादी नरम, आणखी नरम,
आपलीच ऊब आपल्याला परत
व्याजासकट.
मग ट्रंकेतली मोराची चादर काढली,
ह्यांनीच विणलेली,
एका पिसाचा रंग चुकला म्हणून शेठनं परत केलेली,
मजुरी कापून.
सूत घाम पितं.
फोमला ती विद्या नाही.

पण एक गोष्ट खोक्यावर लिहिलेली नव्हती.
म्हणजे लिहिलेली होती, गुण म्हणून:
एक जण हलला तरी दुसऱ्याची झोप मोडत नाही.
जुन्या पलंगावर मी कूस बदलली
की ह्यांचा खांदा हलायचा.
हे जागे असले की पलंग चहाडी करायचा.
थोरल्याच्या तापाच्या रात्री, पुष्पाच्या लग्नाच्या कर्जाच्या रात्री,
माग विकला त्या रात्री,
'जागी आहेस का' विचारावं लागलं नाही.
कुरकुर ऐकू यायची, तेवढं पुरे.
आता मी उठते, ह्यांना कळत नाही.
हे उठतात, मला कळत नाही.
एका गादीवर दोन गावं,
मधे एसटी पण नाही.

डिसेंबरात फोम दगड होतो,
अंग टाकून वाट बघावी लागते, लोण्यासारखी.
तीनच्या सुमारास जाग आली.
बोटं उगीच पान वळत होती,
हजार झाल्या, तरी थांबेनात.
दारात येऊन उभी राहिले.
समोर टॉवेलच्या कारखान्यात एकच ट्यूब,
मिणमिणत, विझत, परत मिणमिणत.
किती वेळ, माहीत नाही.

मागून चादर आली खांद्यावर.
'पडुको,' हे म्हणाले,
आईच्या बोलीत, लेकराला म्हणावं तसं.
'तुम्हाला कसं कळलं?'
'हात टाकला. तू नव्हतीस.
तुझा खड्डा होता पण. कोमट.
थंडीत हळू भरतो तो.'

मी काही म्हणणार होते.
ह्यांनी दाराला कडी घातली.
'चल लवकर,' म्हणाले. 'भरेल.'